जुन्या एट हंड्रेडचं मिसिंग जाईना झालंय, नेमका बिघाड शोधायचा कसा?

मांजराकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

रामराम मंडळी.

आमच्या घरी १९९७ ची मारुती ८०० आहे. कार्बोरेटरवाली, एमएच-२४ म्हणजे लातूर पासिंग. अण्णांनी नवी घेतलेली, अजूनही त्यांचा जीव तिच्यातच आहे. दिवाळीच्या आसपास तिला मिसिंग सुरू झालं, म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवतंय. न्यूट्रलला उभी असली की स्टिअरिंग, आरसा, डॅशबोर्ड सगळं थरथरतंय. सायलेन्सरमधून फट... फट... फट असा आवाज येतोय. रेस केली की थोडं दबतं, औसा रोडला पन्नास-साठच्या स्पीडला गाडी बरी पळते. पण चढ आला की दम तुटतो, दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. अ‍ॅव्हरेजही पडलंय.

आतापर्यंत तिन्ही प्लग नवे टाकले, कार्बोरेटर खोलून साफ करून घेतला, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर बदलला. फरक शून्य. आता गॅरेजवाला म्हणतोय, "मालक, इंजिन काम निघालंय, बोअर-रिंग करून टाकू," म्हणजे सिलिंडर घासून पिस्टनला नव्या रिंगा. मला एवढंच विचारायचंय की इंजिन खोलण्याआधी बिघाड नक्की कुठं आहे हे कळायला काही मार्ग आहे का? अंदाजानं एकेक पार्ट बदलत बसायची माझी तयारी नाही.

येळवस, म्हणजे शेतातल्या पूजेची वेळा अमावस्या, तोंडावर आली आहे. अण्णांना शेतात याच गाडीतून जायचंय, भाड्याच्या गाडीचं नाव काढू देत नाहीत.

परभणी_जंक्शन | २४ नोव्हेंबर, रात्री ९.५५

आंबिलीचं मडकं मागच्या सीटवर ठेवून नेणार असाल तर मिसिंग आधीच काढा. शेतात पोचेपर्यंत वर लोणी यायचं.

धारूरघाट | २४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

भाऊ, पेट्रोल बघा आधी. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आल्यापासून जुन्या गाड्यांचे हाल सुरू झालेत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुने रबरी पाइप फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सुटा करून फिल्टरात आणून टाकतं. १९९७ ची गाडी काही ह्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. माझ्या मामांच्या जुन्या झेनचा पेट्रोल पाइप हातात धरला तर पिठासारखा चुरा झाला. फिल्टर बदलला म्हणालात ना, जुना कापून बघा, आत तांबडा गाळ सापडंल.

ऊस_आणि_उतारा | २४ नोव्हेंबर, रात्री १०.४५

धारूरघाट, झालं का सुरू? गाडी बंद पडली की इथेनॉल, ब्रेक लागला नाही की इथेनॉल. आमच्या कारखान्याची डिस्टिलरी चालते म्हणून बिलं वेळेवर मिळायलीत, हे पण लिहा कधी. पाइप कुजतात हे खरं, पण २८ वर्षांचा पाइप साध्या पेट्रोलनं पण कुजला असता.

धारूरघाट | २४ नोव्हेंबर, रात्री ११.०५

उसाच्या भावाबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी पण ऊस लावतो. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते, हा हिशोब कुणाच्या बिलानं बदलत नाही. कार्बोरेटरला स्वतःहून मिश्रण जुळवून घेता येत नाही. म्हणून जुनी गाडी थोडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. एवढंच म्हणालो.

आयटीआय_ताई | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, पण मांजराकाठ यांच्या गाडीला ते लागू होतं का ते बघू. मी नांदेडला मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवते. मिसिंगची गाडी आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मिसिंग तालात आहे की बेताल?

तालात, म्हणजे फट... फट... फट असं ठरावीक अंतरानं, तर एकच सिलिंडर मेलेला आहे. बेताल, म्हणजे मध्येच दोन झटके, मग बराच वेळ नीट, मग पुन्हा झटका, तर बिघाड सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या जागी शोधायचा. पेट्रोल, कार्बोरेटर, कॉइल, कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतची (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागापर्यंतची) मधली वायर, रोटर, आणि पॉइंटवाली गाडी असेल तर पॉइंट-कंडेन्सर.

पेट्रोल खराब असतं तर तिन्ही सिलिंडरांना तेच पेट्रोल मिळतंय. एकट्यानं रुसायचं कारण काय? तुमचं वर्णन मला तालातलं वाटतंय. त्यात ही तीन सिलिंडरची गाडी. चार सिलिंडरवालीत एक गेला तर पाव ताकद जाते, हिच्यात सरळ एक तृतीयांश जाते. चढाला दम तुटणार नाही तर काय होईल.

आता कुठला सिलिंडर मेलाय ते शोधा. इंजिन गरम करून आयडल थोडं वाढवा. एक जास्तीचा जुना प्लग घ्या आणि जम्पर वायरनं त्याची बॉडी इंजिनला अर्थ करून ठेवा. कोरडा रबरी हातमोजा घालून एका सिलिंडरची प्लग वायर काढा, ती त्या जुन्या प्लगला लावा. म्हणजे करंटला वाट मिळते आणि कॉइलवर ताण येत नाही. चांगला सिलिंडर असेल तर वायर काढताच इंजिन आणखी गडबडतं, बंद पडायला येतं. मेलेल्या सिलिंडरची वायर काढली तर काहीच फरक पडत नाही. तोच आपला रुग्ण. वायरी काढण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर लिहा, फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे.

हे झाल्याशिवाय एक रुपयाचाही पार्ट घेऊ नका.

वाळूज_सेकंडशिफ्ट | २५ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

ताईंना दुजोरा. एक भर घालतो. मेलेला सिलिंडर सापडला की तिथला प्लग शेजारच्या सिलिंडरात आणि शेजारचा इकडं. बिघाड प्लगसोबत गेला तर प्लग खराब, नवा असला तरी. बाजारात नकली प्लग कमी नाहीत. तसंच मग वायरीची अदलाबदल. बिघाड जागचा हलला नाही तर करंटची बाजू सुटली, असं समजायला हरकत नाही.

हळदीचा_हंगाम | २५ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

गाडी कुठं उभी असते? सोयाबीनची पोती शेजारी आहेत का? आमच्याकडं वसमतला गोदामाजवळ उभ्या असलेल्या गाडीच्या प्लग वायरी उंदरानं कुरतडल्या होत्या. वरून दिसंना गेलं, खालच्या बाजूनं रबर खाल्लेलं. रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि झाडांना मारायच्या फवाऱ्यातून पाण्याची बारीक धुई सोडली, तर वायरीवरून निळ्या ठिणग्या नुसत्या नाचायल्या. दिवसा हजार वेळा बघून कळलं नसतं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला चीर असली तरी अशीच दिसते.

परभणी_जंक्शन | २५ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

जगात जर्मनी, भारतात परभणी, इंजिन जपानी, आणि उंदीर हिंगोलीचा.

निवृत्त_फोरमन | २५ नोव्हेंबर, दुपारी ४.००

अंबाजोगाईहून लिहितोय. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली, पण पेट्रोलच्या गाड्याही पुष्कळ हाताखालून गेल्या.

मांजराकाठ, आजच्या आज करण्यासारखी एक गोष्ट सांगतो, हत्यार लागत नाही. वहीच्या कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. इंजिन आयडलला ठेवा. सायलेन्सरच्या तोंडाशी पट्टी धरा, तोंड झाकायचं नाही, फक्त वाऱ्यात लोंबू द्यायची. नीट इंजिनात ती एकसारखी बाहेरच्या बाजूला फडफडते. एखादा सिलिंडर मारत नसेल तर फडफडीत खंड पडतो. आणि पट्टी मधूनच आत ओढली जाऊन सायलेन्सरला चिकटत असेल, तर मला एक्झॉस्ट व्हॉल्ववर, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेवर, संशय येतो. व्हॉल्व नीट बसत नसला की पिस्टन खाली जाताना सायलेन्सरकडूनच हवा ओढतो. हा काही शेवटचा पुरावा नाही, पण दिशा दाखवतो.

आणि एक सांगा. ही गाडी कधी गॅसवर चालली होती का?

मांजराकाठ | २५ नोव्हेंबर, रात्री ८.५०

फोरमन काका, चालली होती! मध्ये बरीच वर्षं एलपीजी किट होतं, नंतर काढून टाकलं. तुम्हाला कसं कळलं?

मिसिंग एकदम तालात आहे, आज कान देऊन ऐकलं. पट्टी लावून बघितली. फडफडते आणि मध्येच लप्पकन आत ओढली जाते. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले होते, त्यांनी पण स्वतः धरून बघितली. उद्या सकाळी ताईंनी सांगितलेली वायरीची टेस्ट करतो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असते, सोयाबीन विकून झालंय, वायरी वरून-खालून बघितल्या, धड आहेत.

निवृत्त_फोरमन | २५ नोव्हेंबर, रात्री ९.२०

गॅस कोरडा असतो. पेट्रोल थोडंफार व्हॉल्व थंड करत आत जातं, गॅसमध्ये ते होत नाही. त्यामुळं एक्झॉस्ट व्हॉल्वची सीट, म्हणजे तो जिथं टेकतो ती गोल कड, झिजते आणि व्हॉल्व हळूहळू हेडमध्ये वर सरकतो. तो सरकला की टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली मोकळी जागा, कमी होत जाते. लोकांना वाटतं, टॅपेट वाजत नाही म्हणजे इंजिन छान. खरं उलटं आहे. थोडं वाजणारं टॅपेट परवडलं, मुकं टॅपेट व्हॉल्व जाळतं. फट संपली की व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही, आणि व्हॉल्वची उष्णता जायची मुख्य वाट म्हणजे सीटला टेकणं. टेकलाच नाही तर कडेनं जळणार.

पुण्यातून_वाचक | २६ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

विषयाला सोडून आहे, पण एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला? पंधरा वर्षांनंतर तर गाडी कायद्यानंच बाद होते ना?

वाळूज_सेकंडशिफ्ट | २६ नोव्हेंबर, सकाळी ९.५०

नाही होत. तो वयाचा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला. आपल्याकडं १५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून फेरनोंदणी करायची, ती ५ वर्षांसाठी मिळते, सोबत पर्यावरण कर भरायचा. पीयूसी आणि विमा चालू पाहिजे. आणि मिसिंगवाली गाडी पीयूसीत अडकतेच, न जळलेलं पेट्रोल सगळं धुरात दिसतं. म्हणूनही दुरुस्त करायची.

मांजराकाठ | २६ नोव्हेंबर, दुपारी १.१५

सापडला! एक नंबरची वायर काढली, गाडी बंद पडायला आली. तीन नंबरची काढली, तसंच. दोन नंबरची काढली, ढिम्म. काहीच फरक नाही. मधला सिलिंडर मेलाय.

मग वाळूजच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणं प्लग बदलून बघितले, वायरी बदलून बघितल्या. बिघाड दोन नंबरवरच. बाहेर काढलेल्या प्लगला करंटही निळाशार पडतोय. दोन नंबरचा प्लग काळा आणि पेट्रोलनं ओला आहे, एक आणि तीनचे विटकरी-तपकिरी. ऑइलचा चिकटपणा कुठंच नाही.

आयटीआय_ताई | २६ नोव्हेंबर, दुपारी १.४०

उत्तम काम. ओला प्लग म्हणजे पेट्रोल पोचतंय, करंटही पोचतोय, पण जळत नाही. तपकिरी रंग हा निरोगी. आता उरलं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात तयार होणारा दाब. त्याआधी एक शंका मिटवून टाका: इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट फक्त दोन नंबरच्या तोंडाशी हवा घेत असेल तरी एकटा सिलिंडर मरू शकतो. पण मग मिश्रण लीन होऊन प्लग पांढरट आणि कोरडा दिसायला हवा होता, आणि रेस केल्यावर मिसिंग जवळपास जायला हवं होतं. तरी कान लावून सूंऽऽ असा आवाज येतो का बघा. ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा पाइपही तपासा. काही जण तिथं कार्ब क्लीनर फवारून बघतात. गरम इंजिनावर ते पेट घेऊ शकतं, घरी करू नका.

कॉम्प्रेशन गेज मागून आणा, बऱ्याच गॅरेजवाल्यांकडं असतो. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची मधली वायर काढून अर्थ केलेली, बॅटरी भरलेली. एकानं अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा. हे विसरलं की सगळे आकडे कमी येतात आणि चांगलं इंजिन वाईट ठरतं. सेल मारून काटा चढायचा थांबेपर्यंत बघायचं. साधारण ११ ते १३ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) घरात यायला हवं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एक किलोपर्यंत चालतो.

मग दोन नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा गळतायत, कारण ऑइलनं रिंगांची फट तात्पुरती बुजते. नाही वाढला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. तुमचा गॅरेजवाला बोअर-रिंग म्हणतोय, त्याचं खरं की खोटं इथंच कळेल.

ऊस_आणि_उतारा | २६ नोव्हेंबर, दुपारी २.०५

म्हणजे इथेनॉल निर्दोष सुटलं.

धारूरघाट | २६ नोव्हेंबर, दुपारी २.२०

ह्या गाडीपुरतं सुटलं, मान्य. मांजराकाठ, तरी ते पेट्रोल पाइप नवे टाका. इंजिनाच्या उष्णतेत गळका पाइप म्हणजे आगीला आमंत्रण. आणि गाडी महिना महिना उभी राहत असेल तर टाकी भरून ठेवत जा, रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते.

ऊस_आणि_उतारा | २६ नोव्हेंबर, दुपारी २.३०

ह्या मुद्द्यावर मी धारूरघाट यांच्या बाजूनं.

मांजराकाठ | २८ नोव्हेंबर, रात्री ८.१०

गेज मिळाला. आकडे असे आले: एक नंबर ११.५, दोन नंबर ६, तीन नंबर ११. ऑइल टाकून दोन नंबर पुन्हा मोजला, ६.५. म्हणजे रिंगा नाहीत, बरोबर ना? अण्णांचा चेहरा एकदम खुलला.

वाळूज_सेकंडशिफ्ट | २८ नोव्हेंबर, रात्री ८.४५

बरोबर. शेजारच्या दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन ठीक आहे, म्हणजे दोन सिलिंडरांच्या मधलं हेड गॅस्केट उडालेलं नाही. तसं असतं तर दोन शेजारी एकदम पडले असते.

हेड खोलण्याआधी एक शेवटची खात्री करून घ्या. दोन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व बंद असतील. गाडी न्यूट्रलला, चाकांना दगड. प्लगच्या भोकात नळी घट्ट बसवून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडा. पिस्टन नेमका टोकाला नसेल तर हवेनं इंजिन फिरू शकतं, म्हणून फॅन आणि बेल्टजवळ हात नको, पुलीवर पाना अडकवून ठेवू नका. मग कान लावा. सायलेन्सरमध्ये फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व. कार्बोरेटरमध्ये आली तर इनटेक. ऑइल टाकायच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर.

आम्ही कंपनीत गळती शोधायला हीच पद्धत वापरतो, फक्त मीटर लावून. कान पुरेसा आहे.

निवृत्त_फोरमन | २८ नोव्हेंबर, रात्री ९.१५

आणि टॅपेट कव्हर काढून फिलर गेज लावा, इंजिन पूर्ण थंड असताना. दोन नंबरच्या एक्झॉस्टला पट्टी जाते का एवढंच सांगा.

मांजराकाठ | २९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

पंक्चरवाला मित्र कॉम्प्रेसर घेऊन शेडवर आला. हवा सोडली आणि मी गाडीच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसलो. सायलेन्सरमधून फुस्स असा सरळ आवाज, हात धरला तर हवा लागायली. कार्बोरेटरमध्ये काही नाही, ऑइलच्या झाकणात किरकोळ.

टॅपेट कव्हर काढलं. बाकी पाच ठिकाणी पट्टी गेली, कुठं सैल, कुठं घट्ट. दोन नंबरच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा गेली नाही. रॉकर गच्च बसलाय. काका, तुम्ही अंबाजोगाईत बसून सांगितलंत तेच निघालं.

मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणं सहाही टॅपेट सेट केले. दोन नंबर ७.५ वर आला. मिसिंग थोडं मऊ झालं, गेलं नाही.

निवृत्त_फोरमन | २९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

म्हणजे कड जळून गेलेली आहे, आता सेटिंगनं ती भरून येत नाही. हेड उतरवा. खालचं इंजिन, पिस्टन, बोअर, रिंगा, काही काही हात लावायचा नाही. गॅरेजवाल्याला आकडे दाखवा आणि तेवढंच काम सांगा.

करून घ्यायचं ते असं: दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व नवा, बाकीचे तपासून, गाइडमध्ये हलतात का बघून. लेथवाल्याकडून सीट कटिंग, मग लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व सीटवर पेस्ट लावून घासणं. लॅपिंग झालं की व्हॉल्व बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओतायचं आणि थोडा वेळ ठेवायचं, खालून एक थेंबही झिरपता कामा नये. हे समोर उभं राहून बघा. हेडचा सपाटपणा पट्टी लावून तपासायचा. व्हॉल्व सील नवे, गॅस्केट नवं. टायमिंग बेल्ट उतरतोच आहे, तर तो आणि त्याचा टेन्शनर जुना परत लावू नका. हेड बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं.

तेरणाकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

धाग्यात उशिरा आलो. हेड उतरतंय तर रेडिएटरकडं पण बघा. आपल्याकडं मूळ दुखणं तिथंच असतं. बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो, आणि तेच आपण रेडिएटरात ओततो. आतल्या नळ्या क्षारानं बुजतात, इंजिन गरम राहतं, आणि सगळ्यात जास्त उष्णता सोसतो तो एक्झॉस्ट व्हॉल्व. मधल्या सिलिंडराला तर दोन्हीकडून शेजारी तापलेले.

२०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथं गाडीला चांगलं पाणी कोण घालतंय? जे मिळालं ते घातलं. त्या काळात इकडं किती गाड्यांची हेड गॅस्केट गेली असतील.

मांजराकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री ८.४०

खरंय. त्या वर्षी टँकरचं पाणी घरात, बोअरचं गाडीत. गाडी तर कितीतरी महिने धुतलीच नव्हती, अण्णा ओल्या फडक्यानं नुसती काच पुसायचे.

हळदीचा_हंगाम | २९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

मग आता कूलंट घाला, आणि ते डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. तयार मिसळलेलं मिळालं तर आणखी बरं. बोअरच्या पाण्यात मिसळलं तर पैसे पाण्यात.

मांजराकाठ | ९ डिसेंबर, रात्री ९.३०

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

हेड उतरवलं तेव्हा मी आणि अण्णा तिथंच होतो. दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व हातात घेतला. कडेला नखाएवढी चंद्रकोर जळून गायब, तिच्या दोन्ही बाजूंनी धातू पांढुरका पडलेला आणि बारीक तडे. बाकीचे व्हॉल्व काळे होते पण कड गोल शाबूत. बोअरमध्ये हात फिरवला, कुठं वरखडा नाही, वरच्या टोकाला खाचही लागली नाही. मिस्त्रीनं स्वतःच मान्य केलं की खालचं इंजिन खोलायची गरज नव्हती.

लेथवर सीट कापून घेतल्या, लॅपिंग झालं. पेट्रोल ओतून बघायचं म्हटल्यावर मिस्त्री हसला, पण केलं. पहिल्यांदा एक नंबरच्या इनटेकमधून झिरपलं, परत लॅपिंग करून घेतलं, मग थेंब नाही. फोरमन काका, ती टेस्ट सांगितली नसती तर तसंच बसवलं असतं. बेल्ट, टेन्शनर, सील, गॅस्केट नवे. पेट्रोल पाइप सगळे नवे, धारूरघाट यांचं ऐकून. रेडिएटर उलट्या बाजूनं धुतला, जे पांढरं पिठूळ पाणी निघालं ते तेरणाकाठ यांनी बघायला पाहिजे होतं. कूलंट भरलं.

आता कॉम्प्रेशन: १२, १२, ११.५. आयडलला डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी जेमतेम थरथरतं, तीन सिलिंडरला तेवढं असणारच. परवा अण्णांना घेऊन तुळजापूरला जाऊन आलो, घाटात तिसऱ्या गिअरवर ओढली.

सगळ्यांचे मनापासून आभार. येळवशीला शेतावर या, औशापासून जवळच आहे. भज्जी आणि आंबील भरपूर असते.

परभणी_जंक्शन | ९ डिसेंबर, रात्री ९.४०

आलोच. मडकं मी धरून बसतो.

निवृत्त_फोरमन | ९ डिसेंबर, रात्री १०.००

छान. नवा व्हॉल्व आणि नव्यानं कापलेली सीट एकमेकांत बसायला थोडा वेळ घेतात. हजारेक किलोमीटरनंतर थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा तपासा. अण्णांना नमस्कार सांगा.

जालना_बायपास | ११ डिसेंबर, सकाळी १०.२०

धागा वाचून काढला, लई उपयोगी. माझी २०१४ ची इंजेक्शनवाली हॅचबॅक आहे, तिला पण मिसिंग आहे आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. मी पण वायरी काढून बघू का?

आयटीआय_ताई | ११ डिसेंबर, सकाळी ११.००

थांबा, तुमच्या गाडीत बऱ्याचदा प्लग वायरीच नसतात, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते. कार्बोरेटरवाल्या गाडीची टेस्ट इथं जशीच्या तशी करू नका. चालू इंजिनात करंटला वाट न देता कॉइल उचलली तर कॉइल किंवा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाऊ शकतं, झटका बसतो तो वेगळाच.

तुमच्याकडं दुसरी सोय आहे. २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे स्वतःचा बिघाड कोडनं सांगायची सोय असते, स्कॅनर लावला की सिलिंडरचा नंबर कळतो. कोड पी०३०१ आला तर पहिला सिलिंडर, पी०३०२ तर दुसरा, याप्रमाणं. पी०३०० आला तर बेताल मिसिंग, म्हणजे सामाईक कारण शोधायचं. नंबर कळला की इंजिन बंद करून त्या सिलिंडराची कॉइल शेजारच्याशी बदला, कोड पुसा, गाडी चालवा. कोड कॉइलच्या मागं गेला तर कॉइल घ्या. नाही गेला तर प्लग, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, वर लिहिलंय तसंच.

दिवा नुसता पेटलेला नाही, लुकलुकतोय म्हणताय, म्हणून सांगते: गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट आहे. जवळच्या गॅरेजपर्यंत हळू न्या, लांब असेल तर टोचन करून न्या. आणि कोड आला की इथं लिहा.